मोटर सुरू करणं सोपं, वेळेवर बंद करणं महत्त्वाचं : लहान शेतकऱ्यांसाठी बिनतारी ओलीत यंत्रणेची सगळी माहिती

नागपूर : रब्बीचा हंगाम आला की गावागावांत एकच प्रश्न असतो, लाईन कधी येणार? कृषी पंपाला थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, साधारण आठ तास. रात्रपाळी असली की थंडीत बॅटरी घेऊन वावरात जायचं, मोटर सुरू करायची, वीज गेली की थांबायचं, आली की पुन्हा जायचं. रामटेक, पारशिवनी भागात पेंचचं जंगल जवळ. उमरेड, भिवापूर, कुहीकडे उमरेड-कऱ्हांडलाचं. हिंगणा आणि कोंढाळी पट्ट्यात बोरचं. वाघ, बिबट, रानडुक्कर, साप आणि ओल्या हाताने स्टार्टरला लागणारा शॉक, ही सगळी भीती त्या एका फेऱ्यात असते.

हा फेरा वाचवणारी बिनतारी यंत्रं आता लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आली आहेत. घरून मोबाईलवर मोटर सुरू-बंद करता येते. बागेतले व्हॉल्व्ह वायर न टाकता उघडता येतात. मात्र कोणतं यंत्र कुठे कामाला येतं आणि कुठे पैसे वाया जातात, हे समजून घेतलं नाही तर चार-सहा महिन्यांत डबा कोपऱ्यात पडतो. ही माहिती त्यासाठीच.

सुरुवात पुण्यातून झाली

मोबाईलवरून पंप चालवण्याची कल्पना बाहेरून आलेली नाही. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना पंप सुरू करण्यासाठी रोज पायपीट करताना पाहिलं होतं. पुढे त्यांच्या ओशियन अ‍ॅग्रो ऑटोमेशन या कंपनीने 'नॅनो गणेश' नावाचं यंत्र तयार केलं. साध्या बटणाच्या फोनवरून शेतातल्या यंत्राला कॉल लावायचा, ठरलेला आकडा दाबायचा, की मोटर सुरू किंवा बंद. पलीकडे वीज आहे की नाही हेसुद्धा फोनवर कळायचं. २००९ मध्ये या यंत्राला नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत २५ हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. तेव्हा गावात स्मार्टफोन नव्हते. आज अनेक कंपन्या अशी यंत्रं विकतात. बाजारात त्यांना सरसकट 'मोबाईल स्टार्टर' म्हणतात आणि साधं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं.

'ऑटो' आणि ऑटोमेशन यात फरक काय?

बहुतेक शेतकऱ्यांच्या स्टार्टरला आधीच 'ऑटो' लावलेलं असतं. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. मग वेगळं यंत्र कशाला, असं अनेकांना वाटतं. फरक इथेच आहे. ऑटोला फक्त सुरू करणं माहीत असतं, थांबणं माहीत नसतं. वीज जाईपर्यंत ते मोटर चालवत राहतं.

याचे तीन तोटे होतात.

पहिला तोटा डीपीचा. वीज आल्याबरोबर एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. सगळ्यांचा भार एकदम आला की फ्यूज जातो, कधी डीपीच जळते आणि मग ऐन हंगामात सगळ्यांचंच ओलीत थांबतं. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं वारंवार सांगतं, ते याच कारणाने.

दुसरा तोटा मोटरीचा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तीन तासांत संपलं आणि लाईन आठ तास राहिली, तर उरलेले पाच तास मोटर कोरडी फिरते. सबमर्सिबल मोटर पाण्यानेच थंड राहते. पाणी नाही म्हणजे वाइंडिंग जळणं ठरलेलं.

तिसरा तोटा पिकाचा, आणि तो लवकर लक्षात येत नाही. त्याचा हिशोब पुढे दिला आहे.

चांगल्या मोबाईल स्टार्टरमध्ये या तिन्हींवर उपाय असतो. लाईन आल्यावर काही मिनिटं थांबून मोटर सुरू करण्याची सोय असते. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून कुणी दोन, कुणी चार, कुणी सहा मिनिटं लावली तर डीपीवर एकदम भार येत नाही. पाणी संपलं की मोटरीचा करंट कमी होतो, ते ओळखून यंत्र मोटर बंद करतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टायमर. दोन तास सांगितले तर दोन तासांनी मोटर बंद. मध्ये लाईन गेली तर राहिलेला वेळ पुढच्या वेळी पूर्ण करणारी यंत्रंही असतात.

संत्र्याच्या बागेचा हिशोब

संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर असेल तर एकरी साधारण ११२ झाडं बसतात. प्रत्येक झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर धरले तर एका झाडाला तासाला ३२ लिटर पाणी मिळतं. एका एकराला तासाला साधारण ३,५८४ लिटर लागतात.

आता आपली मोटर किती पाणी फेकते ते मोजा. यासाठी मीटर लागत नाही. २०० लिटरचा ड्रम घ्या आणि तो किती सेकंदांत भरतो ते मोबाईलच्या घड्याळावर पाहा. समजा ५० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ४ लिटर, तासाला १४,४०० लिटर. एवढ्या पाण्यावर चार एकर बाग एकाच वेळी चालते. ठिबक जोडलं की दाबामुळे हा आकडा थोडा कमी होतो, पण अंदाजाला तो पुरतो.

झाडाला त्या दिवशी ६४ लिटर द्यायचे असतील तर मोटर दोनच तास चालायला हवी. ऑटोवर सोडलेली मोटर आठ तास चालली तर त्याच झाडाला २५६ लिटर जातात, म्हणजे चौपट. काळ्या भारी जमिनीत हे जास्तीचं पाणी लवकर निचरत नाही. मुळांना हवा मिळत नाही, मुळकूज आणि डिंक्या वाढायला तेच वातावरण लागतं. ठिबकमधून दिलेलं खतही मुळांच्या खाली निघून जातं.

आंबिया बहार घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फुलं येण्यासाठी बाग हिवाळ्यात ताणावर सोडली जाते. त्या दिवसांत ऑटो चालूच राहिलं आणि एका रात्रीत बागेत पाणी गेलं, तर ताण मोडतो आणि बहार बिघडतो. शेजारच्या तुकड्यात हरभरा किंवा गहू असेल आणि मोटर एकच असेल तर ही चूक सहज होते. म्हणून ताणावर सोडलेल्या बागेचा व्हॉल्व्ह हाताने पक्का बंद करून ठेवावा, फक्त यंत्रावर सोडू नये.

एका झाडाला किती लिटर द्यायचं हे झाडाचं वय, महिना आणि जमीन यावर ठरतं. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. ठिबकमधून संत्र्याला पाणी आणि खत किती द्यायचं यावर तिथे बरीच वर्षं काम झालं आहे. तिथल्या तज्ज्ञांकडून किंवा आपल्या कृषी सहायकाकडून महिनावार लिटरचा तक्ता घ्यावा आणि तो स्टार्टरच्या डब्यावर चिकटवून ठेवावा. तक्ता हाताशी नसेल तर टायमर किती मिनिटांचा लावायचा हे कळणार कसं?

कोणत्या ओलिताला किती फायदा?

मोबाईल स्टार्टर घेण्याआधी आपल्या ओलिताची पद्धत पाहावी.

ठिबक असेल तर पूर्ण फायदा. मोटर सुरू झाली की पाणी आपोआप झाडापर्यंत जातं, माणूस लागत नाही.

तुषार असेल तर अर्धा फायदा. मोटर घरून बंद होते, पण पाईप उचलून पुढच्या जागी न्यायला जावंच लागतं. एका जागेचं पाणी झालं की यंत्र मोटर थांबवतं आणि पाईप सकाळी बदलता येतात, एवढी सोय नक्की होते.

पाटपाणी असेल तर फायदा थोडा. गव्हाला दांडाने पाणी देताना एक वाफा भरला की दुसरा फोडावा लागतो. तिथे माणूस उभाच असतो. मोटर घरून सुरू केली आणि दांड फुटला तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाणार आणि धुऱ्यावर भांडण होणार. अशा शेतकऱ्याने आधी तुषार किंवा ठिबकचा विचार करावा, मग मोबाईल स्टार्टरचा.

बिनतारी म्हणजे नेमकं काय?

यंत्रापर्यंत निरोप पोहोचवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग सिमकार्डचा. यंत्रात सिम असतं आणि ते कॉल, मेसेज किंवा इंटरनेटवर चालतं. घर आणि वावर कितीही लांब असलं तरी चालतं. मुलगा पुण्याला नोकरीवर असला तरी तिथून मोटर बंद करू शकतो. अट एकच, विहिरीजवळ नेटवर्क हवं. इथे अनेकांची फसगत होते. स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा २जी मॉड्यूल असतं. जिओचं नेटवर्क २जीवर चालत नाही, त्यामुळे अशा यंत्रात जिओचं सिम टाकून उपयोग नाही. विहिरीजवळ फक्त जिओची रेंज असेल तर ४जी यंत्रच घ्यावं लागेल. खरेदीआधी वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन विहिरीजवळ उभं राहून कॉल लावून पाहावा. डब्याच्या जागेवर, पत्र्याच्या खोलीच्या आतही पाहावा, कारण पत्र्याच्या आत रेंज कमी होते. शिवाय सिमचा रिचार्ज संपला की यंत्र मुकं होतं. रिचार्जची तारीख घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दुसरा मार्ग रेडिओचा. याला 'लोरा' म्हणतात. यात सिम लागत नाही आणि महिन्याचा खर्चही नाही. एक डबा घरी, दुसरा विहिरीवर. दोघे एकमेकांशी रेडिओ लहरींनी बोलतात. मोकळ्या शेतात अँटेना उंच असेल तर हा निरोप काही किलोमीटर जाऊ शकतो. दाट बाग, टेकडी किंवा पक्की घरं मध्ये आली की अंतर बरंच कमी होतं. संत्र्याची भरलेली बाग सिग्नल अडवते, म्हणून अँटेना झाडांच्या शेंड्यांवर निघेल एवढ्या उंचीच्या पाईपवर लावावी.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. ऑनलाईन मिळणारी काही स्वस्त मॉड्यूल ९१५ मेगाहर्ट्झची असतात. ती अमेरिकेसारख्या देशांसाठी बनलेली आहेत, आपल्याकडे तो पट्टा असा खुला नाही. खरेदी करताना हा आकडा विचारून घ्यावा.

ज्याची एकच मोटर आहे आणि विहिरीवर रेंज आहे, त्याला सिमचं यंत्र पुरेसं. ज्याला एका मोटरीवर बागेचे चार-सहा व्हॉल्व्ह वेगवेगळे चालवायचे आहेत, त्याला विहिरीवर सिम आणि विहिरीपासून व्हॉल्व्हपर्यंत लोरा, अशी जोडणी सोयीची पडते. प्रत्येक व्हॉल्व्हला सिम घेणं परवडत नाही आणि वायर टाकली तर उंदीर, रानडुक्कर आणि वखराचा फाळ तिला शिल्लक ठेवत नाहीत.

व्हॉल्व्ह घेताना

बिनतारी व्हॉल्व्हला वीज कुठून मिळणार, हा पहिला प्रश्न. साधा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडा राहण्यासाठी सतत वीज खातो. 'लॅचिंग' प्रकारच्या व्हॉल्व्हला फक्त उघडताना आणि बंद होताना क्षणभर वीज लागते. म्हणून तो छोट्या बॅटरीवर किंवा तळहाताएवढ्या सोलर पॅनलवर हंगामभर चालू शकतो. बिनतारी जोडणीत लॅचिंगच घ्यावा.

व्हॉल्व्ह बदलण्याचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग आधीचा बंद करायचा. शेवटी आधी मोटर बंद, मग व्हॉल्व्ह बंद. उलट केलं तर मोटर बंद पाईपवर दाब देते, जोड सुटतात, पाईप फुटतो. यंत्र बसवणाऱ्याने हा क्रम बरोबर लावला आहे की नाही, ते दिवसा समोर उभं राहून एकदा चालवून पाहावं.

फिल्टर कचऱ्याने भरला असेल तर मोबाईलवर सगळं ठीक दिसतं, पण झाडाला पाणी जात नाही. व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातही कचरा अडकतो आणि तो अर्धवट उघडा राहतो. फिल्टर धुण्याचं काम कोणतंही स्वस्त यंत्र करत नाही. ते हातानेच करावं लागतं.

'पंप सुरू' या मेसेजवर किती भरवसा ठेवायचा?

स्वस्त यंत्र मोटर सुरू करण्याचा हुकूम देतं आणि 'पंप सुरू' असा मेसेज पाठवतं. त्याचा अर्थ एवढाच की हुकूम पोहोचला. मोटर खरंच फिरली का, हे त्याला माहीत नसतं. त्यापेक्षा चांगलं यंत्र मोटरीचा करंट मोजतं आणि मगच मेसेज पाठवतं. म्हणजे मोटर फिरते आहे हे नक्की. तरीही पाणी शेतात पोहोचलं का, हे कळत नाही. विहिरीजवळच पाईप फुटला असेल तर मोटर फिरते आणि पाणी परत विहिरीत जातं. ते कळण्यासाठी पाईपवर दाबाचा किंवा प्रवाहाचा स्विच लागतो.

विक्रेत्याला म्हणून एकच प्रश्न विचारावा : मेसेज येतो तो हुकूम गेला म्हणून, मोटर फिरली म्हणून, की पाणी आलं म्हणून? या उत्तरावरून यंत्राची खरी किंमत कळते.

ओलावा सांगणारा सेन्सर घ्यावा का?

जमिनीतला ओल पाहून आपोआप पाणी देणारी यंत्रणा ऐकायला चांगली वाटते. मात्र दोन काड्यांचे अगदी स्वस्त सेन्सर जमिनीत गंजतात आणि काही आठवड्यांतच चुकीचे आकडे देऊ लागतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला ते ठीक, बागेला नाही. आपल्या काळ्या जमिनीची आणखी एक अडचण आहे. ती वाळली की भेगाळते, सेन्सर आणि माती यांच्यात फट पडते आणि ओल असूनही सेन्सर कोरडं दाखवतो. असा सेन्सर थेट मोटरीला जोडला तर मोटर थांबणारच नाही.

त्यापेक्षा सुरुवातीला हातात धरून वापरायचं ओलावा दर्शक यंत्र बरं. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने असं यंत्र विकसित केलं आहे. सळई जमिनीत खुपसली की दिवा लागतो. निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे कमी, पाणी द्यायला हवं, आणि लाल म्हणजे फारच कमी, लगेच पाणी द्या. यात वाचायला आकडे नाहीत, त्यामुळे घरातलं कुणीही पाहू शकतं. दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहावं आणि त्यावरून टायमर कमी-जास्त करावा. तेही नसेल तर झाडाच्या घेरात फूटभर उकरून मातीचा गोळा करून पाहणं ही जुनी पद्धत आजही खोटी ठरलेली नाही.

भूजलाचाही विचार

काटोल आणि नरखेड तालुक्यांतली गावं अटल भूजल योजनेत घेतली गेली, कारण तिथे भूजलाचा उपसा चिंतेचा विषय झाला आहे. बोअर खोल जात आहेत, जुन्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात. अशा भागात मोटर सुरू करणं सोपं झालं आणि बंद करण्याचा नियम नसला, तर उपसा वाढेल. पंपाची साडेसात एचपीपर्यंतची वीज २०२४ च्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत मार्च २०२९ पर्यंत मोफत आहे, त्यामुळे बिलाचा धाकही उरलेला नाही. विजेची बचत होईल म्हणून यंत्र घ्या, असं कुणी सांगत असेल तर सध्या तो फायदा खिशात दिसणार नाही. खरा फायदा रात्रीचा फेरा, मोटरीचं आयुष्य आणि विहिरीतलं पाणी यांत आहे.

सामायिक विहिरीवर या यंत्राचा एक वेगळाच उपयोग होतो. कोणाच्या पाळीत मोटर किती तास चालली याची नोंद फोनवर राहते. भावाभावांत 'तू जास्त चालवली' हा वाद त्या नोंदीवर मिटू शकतो. मात्र मोटर कुणाकुणाच्या फोनवरून चालेल हे आधी बसून ठरवून घ्यावं.

जिवाची काळजी

लांबून सुरू होणारी मोटर हा नवा धोकाही आहे. एक जण विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह काढतो आहे किंवा स्टार्टर उघडून वायर कसतो आहे, आणि घरून दुसऱ्याने फोनवर मोटर सुरू केली, तर जीव जाऊ शकतो. म्हणून हे नियम पाळावेत.

१. दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करावा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. फोनवर 'बंद' केलं म्हणजे वीज बंद झाली असं नव्हे.

२. डब्यावर 'मोटर कधीही आपोआप सुरू होऊ शकते' असं मोठ्या अक्षरांत लिहावं. मजूर आणि लहान मुलांना समजावून सांगावं.

३. अर्थिंग पक्कं करावं. उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्याच्या तोंडावरच्या विजांनी अशी यंत्रं जळतात. वादळाच्या दिवसांत गरज नसेल तेव्हा मेन स्विच बंद ठेवावा.

४. थ्री फेजची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. व्हिडिओ पाहून स्वतः करू नये.

५. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात बंद डबा भट्टीसारखा तापतो. यंत्र सावलीत, हवा खेळेल असं, पण पाऊस लागणार नाही असं बसवावं.

सोलर पंप असेल तर

'मागेल त्याला सौर कृषी पंप' किंवा कुसुम योजनेतून सोलर पंप मिळाला असेल तर रात्रीचा प्रश्न राहत नाही, कारण तो दिवसाच चालतो. बाजारातला साधा मोबाईल स्टार्टर सोलर पंपाच्या कंट्रोलरला लावू नये. दोन्हींची वीज आणि रचना वेगळी असते. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी असते, कंट्रोलर उघडून छेडछाड केली तर ती अडचणीत येऊ शकते. आधी पंप बसवणाऱ्या कंपनीला विचारावं. बागेतले बिनतारी व्हॉल्व्ह मात्र सोलर पंपावरही चालतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून ज्या फीडरवर दिवसा वीज सुरू झाली आहे, तिथेही रात्रीच्या फेऱ्यासाठी यंत्र घ्यायची घाई नको. टायमर आणि कोरड्या मोटरीचं संरक्षण यांचा उपयोग तिथेही आहे.

अनुदान कशाला?

'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत ठिबक आणि तुषार संचाला अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्य त्यात अनुक्रमे २५ आणि ३० टक्के भर घालतं. म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला एकूण ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. पूर्वसंमती येण्याआधी संच विकत घेतला तर अनुदान अडकतं.

सुट्या मोबाईल स्टार्टरवर अनुदान मिळेलच असं धरून चालू नये. 'आधी पैसे भरा, अनुदान आम्ही आणून देतो' असं सांगणाऱ्या एजंटपासून सावध राहावं. तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

कोणत्या क्रमाने घ्यावं?

एकदम सगळं घेऊ नये. पहिल्या हंगामात मोटरीचं संरक्षण असलेला, टायमरवाला मोबाईल स्टार्टर घ्यावा. तो एक हंगाम नीट चालला, घरच्या सगळ्यांना वापरता आला, की दुसऱ्या वर्षी दोन बिनतारी व्हॉल्व्ह लावून पाहावेत. सेन्सर शेवटी. नागपुरात दरवर्षी भरणाऱ्या अ‍ॅग्रोव्हिजन प्रदर्शनात अशी यंत्रं एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. तिथे भाव विचारावेत, पण गावाजवळ आधीच कुणी यंत्र बसवलं असेल तर त्याच्या वावरात जाऊन ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न असे : आपल्या स्टार्टरला हे यंत्र बसतं का? त्यासाठी स्टार्टरचा आतून फोटो दाखवा. यंत्र २जी आहे की ४जी? फेज गेला, व्होल्टेज कमी झालं, पाणी संपलं तर मोटर बंद होते का? लाईन आल्यावर थांबण्याची वेळ लावता येते का? मेसेज मराठीत येतो का? अ‍ॅपचे दरवर्षी पैसे लागतात का? बिघडलं तर माणूस तालुक्यातून येणार की पुण्याहून? आणि यंत्र बंद पडलं तर मोटर जुन्या बटणाने हाताने सुरू होते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ते यंत्र घेऊच नये. ऐन ओलिताच्या दिवशी यंत्र रुसलं तरी पीक वाट पाहत नाही.

यंत्र बसलं की पहिले पंधरा दिवस त्यावर पूर्ण भरवसा टाकू नये. दिवसपाळीत वावरात उभं राहून ते रोज पाहावं. सांगितलेल्या वेळेला मोटर सुरू झाली का, आणि सांगितलेल्या वेळेला बंद झाली का. दुसरं जमत असेल, तरच रात्री निवांत झोपावं.